वाफेच्या टोपलीमागची वस्ती

चिनी जेवण आता आपल्याला परके राहिलेले नाही. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, संध्याकाळ झाली की चौकातल्या गाडीवर मोठ्या आचेची कढई खणखणू लागते. मंच्युरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस ही नावे पोराटोरांच्या तोंडी असतात. पण 'डिमसम' अशी पाटी वाचून आत गेलात, तर बहुतेक वेळा तुमच्यापुढे मोमो येतो. मोमो हा चांगलाच पदार्थ आहे. पण तो तिबेटी आणि नेपाळी माणसांबरोबर हिमालयाच्या वाटेने खाली उतरला. डिमसमचे घर दक्षिण चीनमधल्या कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगजौमध्ये आहे. मंच्युरियन गल्लोगल्ली पोचले, मोमोही पोचला. मग डिमसमच का शोधत फिरावे लागते? या प्रश्नाचे निम्मे उत्तर स्वयंपाकघरात आहे आणि उरलेले निम्मे इतिहासात.

आधी स्वयंपाकघराकडे वळू. कँटनी माणूस 'डिमसम खायला चला' असे सहसा म्हणत नाही. तो 'यम चा' म्हणतो, म्हणजे 'चहा प्यायला चला'. चहा मुख्य, खाणे त्याच्या सोबतीला. 'डिम सम' या दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ हृदयाला हलकेच स्पर्श करणे असा आहे. पोट भरणे हा त्याचा मूळ हेतूच नव्हे. एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये हमाल, कारागीर, फेरीवाले यांच्यासाठी स्वस्त चहाघरे होती. पुढे व्यापाऱ्यांसाठी मजल्यांची, कोरीव लाकडी जाळ्यांची चहाघरे आली. 'लिन ह्युंग' हे त्यांपैकी एक, १८८९ सालचे. 'एक पेला, दोन नग' हा तिथला रिवाज. एवढ्यावर माणूस सकाळचे दोन तास वर्तमानपत्र वाचत, गप्पा मारीत बसे. १९२० नंतर चहाघरांची आपसांत स्पर्धा लागली आणि दर आठवड्याला नवे पदार्थ मांडण्याची पद्धत पडली. आज आपण ज्याला डिमसम म्हणतो त्यातले पुष्कळसे प्रकार या स्पर्धेतून घडले.

यातला मानाचा प्रकार म्हणजे 'हा गाव', कोळंबीचे सारण भरलेली अर्धपारदर्शक पुरचुंडी. मोदक वळणाऱ्या हाताला तिची ओळख पटकन पटेल. कुरडयांसाठी गहू भिजवून आपण चीक काढतो. त्याच जातीचे, पण वाळवलेले गव्हाचे स्टार्च इथे घेतात आणि त्यावर उकळते पाणी ओतून उकड काढतात. पाणी किंचित निवलेले असले तर पारी फाटते. गोळा तेल लावलेल्या सुऱ्याच्या पात्याने दाबून त्याची पातळ चकती करतात. बोटांच्या पेरांएवढ्या जागेत दहा-बारा चुण्या घालून ती मिटवतात. मग वाफ अवघी काही मिनिटे. टोपली उघडल्यावर पारी लुसलुशीत असते. निवली की चिवट होते. म्हणून ती आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही आणि तासभर झाकूनही ठेवता येत नाही.

आता हिशेब मांडून पाहा. असे तीस-चाळीस प्रकार पहाटेपासून करायचे. त्यासाठी वर्षानुवर्षे हात बसलेले आचारी लागतात. टोपलीत तीन-चारच नग, आणि किंमत अशी की माणसाला रोज येता यावे. हे गणित तेव्हाच सुटते, जेव्हा दारात रोज सकाळी गर्दी असते, आणि त्या गर्दीला पारी किंचित जाड झाली तरी कळते. एखाददुसरा जाणकार आला म्हणून चहाघर चालत नाही. चांगल्या डिमसमला आचाऱ्याइतकीच खाणाऱ्यांची वस्ती लागते.

इथून इतिहास सुरू होतो, कारण वस्ती वसवण्याचे आणि मोडण्याचे काम कायदे आणि लढाया करतात. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना दार बंद केले. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. न्यूयॉर्कच्या डॉयर्स स्ट्रीटवर १९२० साली निघालेले 'नॉम वा' सारखे चहाघर चायनाटाउनच्या आत तगून होते. पण बाहेरच्या अमेरिकेने चिनी जेवण म्हणून ओळखले ते चॉप सुई, यजमानांच्या जिभेसाठी बेतलेले. १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, हाँगकाँगची कुटुंबे येऊ लागली आणि मग डिमसमची मोठी दालने उभी राहिली. खुद्द हाँगकाँगला हा वारसा १९४९ च्या सुमारास कँटन सोडून आलेल्यांनी बळकट केला. १९८४ साली हाँगकाँग चीनला परत देण्याचा करार झाल्यावर तिथली माणसे टोरांटो, व्हँकुव्हरला गेली आणि टोपल्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

आपल्या देशात ही वस्ती कलकत्त्याला होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाला वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ हुगळीकाठी जमीन मिळाली. त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अचीपूर म्हणवते आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी लोक त्याच्या समाधीला जातात. पुढे शहरात टिरेटा बाजारच्या आसपास वस्ती वाढली. कँटनी लोक सुतारकामात नावाजले. हक्का लोकांनी चपला-बूट आणि टँग्रातले चामड्याचे कारखाने चालवले. नूडल्समुळे आपल्याला ठाऊक झालेला 'हक्का' हा शब्द मुळात या माणसांचे नाव आहे. हुबेइकडचे लोक दातांचे वैद्य होते. देवळे, शाळा, वर्तमानपत्र, सॉसचे कारखाने आणि 'नानकिंग'सारखे नामांकित उपाहारगृह असा सगळा संसार थाटलेला होता.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध झाले आणि या संसारावर वरवंटा फिरला. आसाम आणि उत्तर बंगालमधली कुटुंबेच्या कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या इथे जन्मलेली, आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेली गेली. इंग्रजी अमदानीत जयप्रकाश नारायण जिथे स्थानबद्ध होते, तीच ही देवली. सुमारे तीन हजार माणसे तिथे होती. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती. कुणावरही खटला चालला नाही. काहींना सुटायला १९६७ उजाडले. सुटून आले तेव्हा पुष्कळांची घरे-दुकाने गेलेली होती. रीता चौधरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी याच हकिगतीवर उभी आहे. कलकत्त्यातल्या अनेकांना छावणी चुकली, तरी पोलिसांकडे नोंद आणि ये-जा करण्यावर बंधने सोसावी लागली. ज्यांना शक्य झाले ते कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. सकाळच्या चहाला बसणारी माणसे अशी एकेक करून उठली.

आता दुसऱ्या पदार्थाची गोष्ट. मुंबईतही माझगावला कँटनी खलाशांची छोटी वस्ती होती. त्यांचे १९१९ सालचे देऊळ अजून उभे आहे. पण मुंबईचे चिनी खाणे घडवले ते कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वांग यांच्यासारख्यांनी. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत सोया सॉस घालून चिकन मंच्युरियन केले, असे सांगितले जाते. या पदार्थाला मंच्युरियात कुणी ओळखत नाही. त्याला वस्ती लागत नाही. गिऱ्हाइकाची जीभ हीच त्याची वस्ती. म्हणून तो कोबी-गाजराच्या गोळ्यांचा होऊन, भेळेत शिरूनही जिवंत राहिला.

याला हिणवण्याचे कारण नाही. टँग्राच्या हक्कांची पुढची कथा पाहा. प्रदूषणामुळे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. उरलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे थाटली आणि चिली चिकनवर प्रपंच चालवला. टोरांटोला गेलेल्यांनी तिथे 'हक्का चायनीज' अशा पाट्या लावल्या. त्या गावात उत्तम डिमसम मिळते, पण ते हाँगकाँगवाल्यांचे. कलकत्त्याच्या हक्का माणसाला घराची आठवण आली, की तो हिरव्या मिरचीचे चिली चिकन शोधतो. दुसऱ्यांसाठी म्हणून शिजवलेला पदार्थ दोन पिढ्यांत त्याचा स्वतःचा होऊन बसला.

महाराष्ट्राबाहेर सात-आठ पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना या दोन वाटा नव्या वाटू नयेत. आपल्याही घरांत काही गोष्टी शेजाऱ्यांच्या चवीने बदलल्या आणि म्हणून तगल्या. काही मात्र अशा आहेत, की त्या बदलता येत नाहीत. त्यांना रोज सकाळी येणारी, बरे-वाईट ओळखणारी माणसे लागतात. बोलीचे तसे आहे, ग्रंथालयाचे आहे, अशा व्याख्यानमालेचेही आहे. त्यांची वर्षातून एकदा आठवण काढून भागत नाही.

तेव्हा डिमसम शोधायला निघालात, तर मेनूआधी माणसे पाहा. चहा आपण होऊन, न मागता, किटलीत येतो का. सकाळी गर्दी असते का. शेजारच्या टेबलावर आजी-नातवंडे बसली आहेत का. कलकत्त्याला गेलात तर एखाद्या रविवारी उजाडता उजाडता टिरेटा बाजारात पोद्दार कोर्टाच्या मागे जा. रस्त्याकडेला अॅल्युमिनियमच्या भांड्यांतून वाफ निघत असते. पाव, स्यू माय, मासळीच्या गोळ्यांचे सूप मिळते. विकणाऱ्यांत चिनी चेहरे थोडे उरलेत, आणि खाणाऱ्यांत तुमच्याआमच्यासारखे पाहुणे जास्त. आठ वाजून गेले की बाजार आवरू लागतो. जरा लवकरच जा, आणि विकणाऱ्या आजी बोलण्याच्या मनःस्थितीत असल्या, तर त्यांना दोन गोष्टी विचारा.