जुन्या मोटारसायकलची फ्रेम: साल आणि मॉडेल ओळखायचं कसं?

भंगारवाल्याकडे किंवा वाड्याच्या मागच्या पडवीत नुसती फ्रेम सापडते. टाकी नाही, इंजिन नाही, आरसी बुक कुणाच्या तरी ट्रंकेत. विकणारा मात्र छातीठोकपणे साल सांगतो. त्या सालावर आता बरंच काही अवलंबून आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चेसिस, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या पाटीखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. म्हणजे साल चुकलं की पैसेही गेले आणि गाडीही अडकली.

सुरुवात हेडस्टॉकपासून करा. हँडलचा दांडा जिथून जातो ती ही नळी, आणि बहुतेक जुन्या गाड्यांचा फ्रेम नंबर इथंच ठोकलेला असतो. रंगाचे चार थर चढले असतील तर पेंट रिमूव्हर लावा, थांबा, मऊ पितळी ब्रशनं हलक्या हातानं घासा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग अजिबात नको. मिस्त्री म्हणतो 'पाच मिनिटांत चकाचक करतो', आणि पाच मिनिटांत पुरावाच जातो. अक्षरं दिसली की कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या. आरटीओतही असाच छाप मागतात.

छाप नीट पाहा. हातानं ठोकलेले आकडे थोडे वरखाली असतात, त्यात संशयाचं काही नाही. पण नंबराभोवतीचा पत्रा बाजूपेक्षा खोल, सपाट किंवा कानशीनं घासल्यासारखा असेल, एखाद्या आकड्याची घडण वेगळी असेल, तर तो सौदा तिथंच सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. चोरीच्या गाडीचा नंबर असाच बदलतात.

नंबर वाचता आला, तरी तो काय सांगतो हे कंपनीवर असतं. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम-20 असेल तर इंजिनावर 'डब्ल्यूएम-20' असं येतं, ते लष्करी उत्पादनाचं चिन्ह. लष्करानं लिलावात काढलेल्या अशा गाड्यांची नागरी नोंदणी पुढे कित्येक वर्षांनी झालेली असते, म्हणून आरसीवरचं साल आणि बांधणीचं साल जुळत नाही. नियमातली 50 वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, हे इथं लक्षात ठेवा.

ट्रायम्फनं 1968 च्या अखेरीपासून नंबराआधी दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली: पहिलं महिन्याचं, दुसरं हंगामाचं. 'एन' म्हणजे ऑक्टोबर, 'जी' म्हणजे 1972 चा हंगाम. पण कारखान्याचा हंगाम ऑगस्टला सुरू व्हायचा, त्यामुळे 'एनजी' अक्षरांची गाडी प्रत्यक्षात ऑक्टोबर 1971 मध्ये बनलेली. मॉडेल इयर आणि कॅलेंडरचं वर्ष यांतला हा फरक भल्याभल्यांना चकवतो.

आपल्या भागात मात्र जास्त भेटतात त्या बुलेट आणि जावा-येझदी. बुलेटची फ्रेम पटकन ओळखू येते: पुढची एकच नळी इंजिनापाशी संपते आणि खाली पाळण्यासारखा आधार नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स हेच फ्रेमचा खालचा भाग. मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकअॅब्सॉर्बर असतील तर ती 1949 नंतरच्या घडणीची. मागचं चाक थेट ताठ फ्रेमला बसत असेल तर वेगळ्या, जुन्या घडणीच्या रॉयल एन्फिल्डकडे पाहावं लागेल. मद्रासला जुळणी 1955 मध्ये सुरू झाली. इंग्लंडच्या रेडिचला पुढे मॉडेल बदलत गेलं, मद्रासनं मात्र 1955 चाच नमुना दशकानुदशकं चालवला. म्हणूनच बुलेटचं साल नुसत्या आकारावरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करता येते, ब्रेकचा ड्रम बदलता येतो, टाकी तर कुठलीही बसते.

जावाची गोष्ट वेगळी. तिची फ्रेम गोल नळ्यांची नाही, चौकोनी छेदाच्या वेल्डिंग केलेल्या नळ्यांची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 250 सीसीच्या जावा निघू लागल्या, 1970 च्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. नाव बदललं तरी जुने कितीतरी भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे 'जावा' लिहिलेली टाकी म्हणजे जावाची फ्रेम असं होत नाही. टाकी पन्नासदा बदलते, हेडस्टॉक एकदाच बनतो.

सीमाभागात आणखी एक धागा हाताला लागतो, तो जुन्या पाटीचा. 1989 च्या जुलैपासून एमएच, केए, जीए अशी अक्षरं आली. त्याआधी गोवा, दमण, दीवच्या गाड्यांवर 'जीडी'नं सुरू होणारी अक्षरं असत, म्हैसूर राज्याच्या गाड्यांवर 'एमवाय'नं. बेळगाव 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणजे त्याआधी इथं नोंदलेल्या गाडीचा पहिला कागद मुंबई राज्याचा निघणार. फेंडरच्या आत किंवा जुन्या विमा पावतीवर असा नंबर सापडला तर कोणत्या आरटीओचं रजिस्टर उघडायचं ते कळतं.

राज्य ओलांडून व्यवहार असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, पैसे देण्याआधी मागा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि तुम्ही घेतलेला छाप शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. जुन्या कारकुनी अक्षरात 1 आणि 7, 3 आणि 8 यांची गल्लत होते. ती दुरुस्ती विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घ्या. गाडी तुमच्या नावावर आली की तोच अर्ज तुम्हाला करावा लागतो, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन लागेनासा झालेला असतो.