रस्ता एक, ट्रॅक दुसरा : वेगवान मोटारीचे टायर निवडताना

सातारा : पुणे-बंगळूर महामार्ग रुंद झाला, कर्जाने मोटार घेणे सोपे झाले आणि सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात ताकदवान इंजिनाच्या मोटारी नवलाईच्या राहिल्या नाहीत. मोटार घेताना इंजिनाची अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग गाठण्यास लागणारे सेकंद आणि रंग यांची तपशीलवार चौकशी होते. टायरचा प्रश्न मात्र पहिली जोडी झिजल्यावरच समोर येतो आणि तेव्हा तो ‘कोणता स्वस्त मिळेल’ एवढ्यावरच मिटवला जातो. वास्तविक इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची सारी करामत अखेर टायरच्या मार्फतच रस्त्यापर्यंत पोहोचते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या आणि वर्षातून एखाद-दोनदा शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या मोटारीसाठी टायर कसे निवडावेत, याची ही माहिती.

तळहाताएवढा आधार

धावत्या मोटारीचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी साधारण तळहाताएवढ्या जागेवरच रस्त्याला टेकलेला असतो. दीड टन वजनाची गाडी वळवणे आणि थांबवणे हे सारे या चार तळहातांच्या भरवशावर चालते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, घर्षणाचा गुणांक ०.९ धरल्यास, ब्रेक लागल्यापासून सुमारे ४४ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर हा गुणांक ०.७ वर आला, तर तेच अंतर ५६ मीटर होते आणि झिजलेल्या टायरमुळे तो ०.५ पर्यंत घसरला, तर सुमारे ७९ मीटर. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते ते यात धरलेले नाही. ४४ आणि ७९ यांतला ३५ मीटरचा फरक म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या अलीकडे थांबणे आणि तिच्यावर जाऊन आदळणे यांतला फरक होय.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचता आले, तर अर्धे काम झाले. उदाहरणार्थ ‘२२५/४० आर १८ ९२ वाय’. यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, अर्थात ९० मिलिमीटर. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १८ हा रिमचा इंचातील व्यास. ९२ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर ६३० किलो वजन पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते : ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३०० किलोमीटर.

आपल्या रस्त्यांवर इतका वेग कोणीच घेणार नाही. मग खालच्या अक्षराचा टायर का नको, असा प्रश्न पडतो. वेगाचे हे अक्षर टायरच्या अंतर्गत बांधणीची उष्णता सोसण्याची क्षमताही दर्शवते. भर उन्हाळ्यात सांगलीकडे तासन् तास धावताना किंवा ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना हीच क्षमता कामी येते. म्हणून कंपनीने ठरवलेल्या भारांकापेक्षा आणि वेगाच्या अक्षरापेक्षा खालचा टायर कधीही बसवू नये.

रिमचा आकार वाढवताना टायरचा एकूण व्यास कायम राहिला पाहिजे. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४ आणि २२५/४० आर १८ चा ६३७ भरतो. फरक एक टक्क्याच्या आतला असल्याने वेगदर्शक काटा आणि एबीएस यंत्रणा यांचा हिशेब बिघडत नाही. मात्र बाजूची उंची ११३ मिलिमीटरवरून ९० वर येते. वळणावर गाडी अधिक नेमकी वागते, पण खड्ड्याचा दणका झेलायला रबराची गादी तेवढी कमी उरते.

आणखी एक आकडा चार अंकी असतो. ‘२३२४’ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खप कमी असलेल्या मापांचे टायर दुकानात दीर्घकाळ पडून राहतात, त्यामुळे खरेदीपूर्वी हा आकडा पाहिलाच पाहिजे. न वापरताही रबर कडक होत जाते.

चार पायऱ्या

वेगवान मोटारींच्या टायरची ढोबळमानाने चार पायऱ्यांत विभागणी करता येते. पहिली पायरी आरामदायी प्रवासी टायरची. आवाज कमी, आयुष्य अधिक, पकड बेताची. दुसरी पायरी उच्च क्षमतेच्या रस्ता-टायरची. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस किंवा ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट या वर्गातले. रबरात सिलिकाचे मिश्रण असल्याने ओल्या रस्त्यावरही त्यांची पकड चांगली राहते आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा असतात. तिसरी पायरी रस्त्यावर चालवता येणाऱ्या, पण ट्रॅककडे झुकलेल्या टायरची. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २ आणि पिरेलीचा पी झिरो ट्रोफेओ आर ही त्याची उदाहरणे. त्यांना ‘सेमी स्लिक’ म्हणतात. नक्षी कमी, रबर मऊ, कोरड्या गरम डांबरावर पकड विलक्षण. परंतु थंड असताना ते निसरडे वाटतात आणि साचलेल्या पाण्यात लवकर हार मानतात. चौथी पायरी बिनखाचांच्या ‘स्लिक’ची. ते केवळ ट्रॅकसाठी असून रस्त्यावर वापरणे बेकायदा आणि जीवघेणे आहे.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द व त्यापुढे आकडा असतो. आकडा मोठा तितका टायर टिकाऊ, लहान तितके रबर मऊ. हा आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो; दोन कंपन्यांची तुलना मात्र त्यावरून काटेकोर होत नाही.

आपला रस्ता काय मागतो

या दोन जिल्ह्यांइतकी रस्त्यांची विविधता क्वचितच सापडेल. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणारे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण अनेक वर्षे अपघातांसाठी कुप्रसिद्ध ठरले. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाणारा रस्ता आणि पाटणहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट हे पावसाळ्यात धुक्याने आणि वाहत्या पाण्याने व्यापलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावचा भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. सांगलीकडे उतरले की काळ्या जमिनीचा मुलूख सुरू होतो. शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल पहिल्या सरीत साबणासारखा होतो. गळीत हंगामात कराड, इस्लामपूर, सांगली परिसरातील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि रस्त्यावर सांडलेला ऊस ही रात्रीची नेहमीची दृश्ये.

अशा रस्त्यावर कोरड्या पकडीची कमाल गाठणारा टायर घेण्यात शहाणपण नाही. ओल्यातील पकड, पाणी फेकण्याची क्षमता आणि बाजूचा मजबूतपणा हे तीन निकष आधी लावावेत. कोरड्यातील कमाल पकड त्यानंतर. म्हणजेच दुसऱ्या पायरीचा टायर आणि शक्यतो कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठा रिम न घेणे, हे सर्वसाधारण उत्तर ठरते.

पाण्यावर तरंगणारी गाडी

टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की गाडी अक्षरशः तरंगते आणि ब्रेक व स्टिअरिंग निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून या वेगाचे एक सूत्र मांडले. हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. त्यानुसार ३२ पौंड हवा असलेला गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २४ पौंडांवर उतरली, तर ८२ किलोमीटरलाच. चांगल्या खाचा असलेला टायर याहून अधिक वेगापर्यंत टिकाव धरतो, परंतु झीज होईल तसा तो या आकड्यांच्या जवळ येतो.

कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली असे समजावे. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोली असते. घाटमाथ्यावर पावसाळा काढायचा असेल, तर तीन मिलिमीटर उरताच टायर बदललेला बरा. दोनच नवे टायर घ्यायचे झाल्यास ते मागच्या चाकांना लावावेत, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी का असेना. मागची बाजू सुटली, तर ती सावरणे बहुतेक चालकांच्या हाती नसते.

ट्रॅकची वाट

या भागातील हौशी चालकाला सर्वांत जवळचा पर्याय कोल्हापूरचा मोहिते रेसिंगचा ट्रॅक. तो कार्टिंगसाठी असून तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. स्वतःची मोटार पूर्ण ट्रॅकवर चालवायची, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठावा लागतो. साताऱ्याहून दोन्ही ठिकाणे सुमारे हजार किलोमीटरवर आहेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक, जेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तो याहूनही दूर.

निवडीची खरी मेख येथेच आहे. ज्या टायरवर ट्रॅकवर चार-सहा फेऱ्या मारायच्या, त्याच टायरवर जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर कापायचे असतात. वाटेत हुबळीला पाऊस लागला, तर सेमी स्लिक घातलेला चालक ट्रकच्या रांगेत जीव मुठीत धरून बसतो. त्यामुळे वर्षातून एक-दोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याने दुसऱ्या पायरीचाच टायर ठेवावा. वारंवार जाणाऱ्याने रिमसह चार सेमी स्लिकचा वेगळा संच ठेवावा आणि तो वाहून नेऊन तेथेच बदलावा. खर्च अधिक दिसतो, पण मऊ टायर रस्त्यावर झिजत नाहीत आणि रस्त्याचे टायर ट्रॅकवर जळत नाहीत, म्हणून हिशेब फारसा तोट्याचा राहत नाही.

ट्रॅकवर टायर तापतो, आतील हवेचा दाब वाढतो आणि मर्यादेबाहेर तापल्यास रबराचे तुकडे निघू लागतात. म्हणून तीन-चार फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश घेऊन गाडी थंड करावी, बाहेर येताच गरम दाब मोजावा आणि नोंदवून ठेवावा. चाकांचे नट ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळावेत. परतीच्या प्रवासापूर्वी टायर थंड झाल्यावर कंपनीने सांगितलेला दाब पुन्हा भरणे विसरू नये. ट्रॅकवर कमी केलेल्या हवेसह महामार्गावर निघणे हे तेथील हौसेचे सर्वांत महाग पडणारे विस्मरण आहे.

हवा, उंची आणि तापमान

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी. तापमान दहा अंशांनी उतरले, तर दाब साधारण दीड पौंडाने कमी होतो. उलट उंचावर गेल्यास बाहेरील हवेचा दाब घटल्याने मापकावरील आकडा वाढतो. सांगलीहून सुमारे आठशे मीटर उंच असलेल्या महाबळेश्वरला गेल्यास ही वाढ सव्वा पौंडाच्या आसपास भरते. थंडी आणि उंची यांचे परिणाम जवळपास एकमेकांना खोडून काढतात, म्हणून वर पोहोचल्यावर हवा कमी-जास्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

खरेदी आणि कायदा

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात ‘मर्यादित’ यादीत टाकली आणि परदेशातून टायर आणण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. त्याचा फटका मोठ्या मापाच्या आणि सेमी स्लिक टायरना विशेष बसला. म्हणून असे माप असलेल्या गाडीच्या मालकाने टायर संपण्याची वाट न पाहता आधीच मागणी नोंदवावी. भारतीय मानक ब्युरोची खूण, उत्पादनाचा आठवडा आणि पक्के बिल या तीन गोष्टींवाचून व्यवहार करू नये. ‘जवळजवळ नवे’ म्हणून विकले जाणारे जुने टायर, विशेषतः ट्रॅकवर तापून आलेले, घेऊ नयेत. नक्षी शाबूत दिसली, तरी रबराचा जीव गेलेला असतो.

उत्तम टायर हा वेगाचा परवाना नव्हे. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली; घाटातील फलक त्याहून कमी सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वेगाची हौस ट्रॅकवर फेडावी. तेथे समोरून ट्रॉली येत नाही. रस्त्यावर टायरकडून एकच अपेक्षा ठेवावी : ब्रेक दाबला की गाडी थांबावी, पाऊस असो वा चिखल. ती अपेक्षा पुरी करणारा टायर हाच या भागातील खरा उच्च क्षमतेचा टायर होय.