कुठले तुम्ही?

नाणेघाटाची शेवटची चढण. पुढचा बैल थांबतो आणि मागे अख्खा तांडा थांबतो. खिंड इतकी अरुंद, की बाजूनं पुढे जायला वाव नाही. खाली कोकण धुक्यात बुडालं आहे. कल्याणच्या बंदरात माल भरला, तेव्हापासून पाय चालतायत. इथे वर्ष विचारलंत तर उत्तर येतं, महाक्षत्रप नहपानाचं ४६वं. अनेक अभ्यासकांच्या हिशेबानं ते इसवी सन १२४ च्या आसपास पडतं.

घसा कोरडा पडलाय. कातळात खोदलेल्या टाक्याकडे कुणीतरी बोट दाखवतं. तोंड लहान, आत मात्र पोट मोठं. उन्हाची झळ पाण्यापर्यंत पोचतच नाही. तुम्ही ओंजळ भरून पिता, तोंडावर मारता, मग पुन्हा पिता. घाटातल्या एका टाक्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, सोपाऱ्याचा गोविंददास. सोपारा म्हणजे तिकडे खाली, समुद्रालगत. तो माणूस इथला नव्हे. या वाटेनं येता-जाता त्यालाही अशीच तहान लागली असणार.

जवळच्या लेण्यात राजघराण्याचे पुतळे रांगेनं उभे आहेत. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, श्री सातकर्णी, त्यांचे कुमार, महारठी. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लांबलचक लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी नोंदवलेलं. तांड्यातला म्हातारा हळूच सांगतो, की हे पुतळे ज्यांचे त्यांच्या हातात सध्या हा मुलूख नाही, आता क्षत्रपांचं राज्य आहे. तरी कुणी पुतळे हलवलेले नाहीत. पुढे काळच त्यांना खाईल. पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं तेवढी उरतील. दगडी रांजणापाशी तुम्ही क्षणभर रेंगाळता. यात जकातीची नाणी पडत, असं लोक पुढे शतकानुशतकं सांगत राहणार आहेत.

खिंडीच्या तोंडाशी पहारेकरी विचारतो, "कुठले?"

तुम्ही गावाचं नाव सांगता. त्याला ते उच्चारता येत नाही, पण तो मान डोलावतो. असली नावं त्याच्या कानावर रोजच पडतात.

कुकडीच्या काठानं खाली उतरलं की जुन्नर लागतं, आणि गाव दिसण्याआधी ऐकू येतं. चारही बाजूंच्या डोंगरांतून छिन्नीचे घाव. पाथरवट वरून खाली खोदत येतात, म्हणजे परांचीची गरज पडत नाही. आधी छत, मग खांबांची डोकी, जमीन सगळ्यात शेवटी. तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह केव्हाच पुरं झालंय. बारा खांबांचं कडं आणि मधोमध स्तूप, पश्चिम भारतात दुर्मीळ असा घाट. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम टाकं आणि मंडप करवून घेतोय. वत्सगोत्री अयमाचा तो लेख, वर्षाच्या आकड्यासकट, पुढे अभ्यासकांना कालगणनेची खुंटी म्हणून कामी येईल.

नव्या माणसाला या शहरात ओळख कशी मिळते, ते बाजारात चार दिवस काढले की कळतं. धंद्यांच्या श्रेणी आहेत. बांबूकाम करणाऱ्यांची आहे, काशाची भांडी घडवणाऱ्यांची आहे. त्यांच्याकडे दानाची ठेव ठेवली जाते. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं तर सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलंय. आणि परक्यांना कुणी अडवत नाही. इरिल नावाचा यवन, लेखात त्याला 'गताचा' म्हटलंय, त्यानं दोन टाकी दिली. चिट, तोही यवन आणि गताचाच, त्यानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. तिसरा यवन चंद, त्याचं नाव मानमोडीच्या चैत्याच्या दर्शनी भागावर आहे. आडुथुम नावाच्या शकानं करंजाशी जोडलेली २० आणि वडाशी जोडलेली ९ निवर्तनं जमीन दिली. तो कोणाचिक श्रेणीचा उपासक. म्हणजे जातीनं शक, पण इथल्या धंद्याच्या संघटनेत सामील झालेला.

हे लेख मला फार जवळचे वाटतात. त्यांत फुशारकी नाही. नाव, कुठला, काय दिलं, संपलं. आणि एकानंही आपलं परकेपण लपवलेलं नाही. यवन असल्याचं दगडात कोरून ठेवलं आणि त्याच ओळीत टाकंही लिहिलं.

आता पुढच्या वेळी या. १४७० च्या आसपासचा पावसाळा, बहमनी राज्य. रात्रंदिवस पाऊस, गुडघाभर चिखल. तुम्ही धर्मशाळेत उतरला आहात. शेजारच्या पथारीवर एक गोरा दाढीवाला बसलाय, अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा. होर्मुझहून समुद्रमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून वर चढून आला. घोड्यावर त्याचे शंभर रूबल खर्ची पडलेत. इकडे घोडे पैदा होत नाहीत, त्यामुळे भाव चांगला येईल हा हिशेब. घोड्याचा खुराक बघून मात्र तो चकित आहे. हरभरा, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी! हे सगळं तो टिपून ठेवतो. चार महिने पाऊस पडतो, त्यातच लोक गहू, भात, हरभरा पेरतात, हेही.

एक दिवस तो येतो तो हात हलवत. जुन्नरच्या असदखानानं घोडा काढून घेतलाय. मुसलमान हो, तर घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवसांची. परमुलखात एकट्या माणसाची काय अवस्था होते, ते त्या चार दिवसांत त्याच्या तोंडावर दिसतं. मग खुरासानचा ख्वाजा मुहम्मद गावात येतो. निकितिन त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडतो, तो खानाकडे जाऊन रदबदली करतो आणि घोडा सुटतो, धर्मही राहतो. परक्याला परक्यानंच हात दिला. निकितिन पुढे बिदरला निघून जातो. त्याच्या प्रवासवर्णनात जुन्नरचा पावसाळा कायमचा मुक्कामाला राहतो.

पुढची साधारण एकशेसाठ वर्षं झरझर ओलांडू. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती याच भागातून. १६०७ मध्ये मलिक अंबरनं निजामशहाची राजधानी काही काळ जुन्नरला आणली. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस इथे राज्य सांभाळत होता. आणि १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवराय जन्मले. जुन्नर म्हणजे शिवनेरी, एवढ्यावर थांबणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, जिजाऊही या गडावर बाहेरूनच आल्या होत्या. मुलूख धामधुमीत होता, दिवस भरत आले होते, शहाजीराजांनी सुरक्षित जागा म्हणून हा गड निवडला. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी आजही थंडगार आहे. ती टाकी पाहिलीत, की घाटातल्या गोविंददासाच्या टाक्याची घडण डोळ्यांपुढे येते.

आणि आता आजचा दिवस. बदलीचा कागद खिशात, टेम्पोत सामान, जुन्नरमध्ये भाड्याची दोन खोल्यांची जागा. मालकीणबाई चहा देता देता विचारतात, "कुठले तुम्ही?" नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगतात आणि संध्याकाळी उसाच्या कडेनं एकटं फिरू नका, बिबट्या असतो, असंही बजावतात. मासवडी-रस्सा खायचा तर कुठे, यावर घरात दोन मतं आहेत. सुट्टीच्या दिवशी सगळे लेण्याद्रीला नेतील, गिरिजात्मजाचं दर्शन होईल. ज्या खांबाविना मोठ्या दालनात तुम्ही हात जोडून उभे राहाल तो बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. भिंतीलगतच्या खोल्या जरूर बघा. आणि एक सकाळ मानमोडीसाठी राखून ठेवा. पाटी शोधत बसू नका, वाट गुराख्यालाच विचारा. चैत्याच्या कमानीत गजलक्ष्मी दिसेल, आणि त्याच दर्शनी भागावर चंद यवनाचं नाव. ऊन तिरपं असताना गेलात तर अक्षरं उठून दिसतात.

पाऊस ओसरला की दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यात जा. मंचरच्या बाजाराला वळसा घालून घोडेगाव, तिथून भीमाशंकरच्या रस्त्यानं डिंभे धरण. डोंगरात महादेव कोळ्यांच्या वाड्या, अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी मात्र घोडेगावला. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्यात गेलं. इथे लोक कुठून आले नाहीत. राहत्या जागी पाणी आलं आणि त्यांनाच नवी जागा शोधून नव्यानं चूल मांडावी लागली. त्यांच्या पाण्यावर पूर्वेकडची शेतं भिजतात, तुम्ही बाजारातून आणता तो भाजीपालाही. एवढं मोठं दान कोणत्या दगडावर कोरलेलं नाही, आणि ते मागून घेतलेलं होतं, हेही लिहून ठेवायला हवं.

रस्त्याकडेच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ बसलेत. आता विचारायची पाळी तुमची.

"कुठले बाबा तुम्ही?"

"आंबेगावचा."

"तालुका आंबेगाव, पण गाव?"

"गावच सांगतोय. आंबेगाव." ते चहाचा पेला खाली ठेवतात आणि जलाशयाकडे हात करतात. "आता भरलंय. मे महिन्यात या, पाणी उतरलं की घराचं जोतं दाखवतो."

तुम्ही त्यांचा नंबर घेता.