कुपीचं अंतर

संत तुकारामनगरच्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरून तुम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं पिंपरीकडे चालू लागता आणि पाऊस गाठतो. जूनचा पहिला पाऊस. माणसं मेट्रोच्या खांबांच्या आडोशाला पळतात. तुम्ही एचए कंपनीच्या कुंपणाशी एका झाडाखाली थांबता. ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हे पूर्ण नाव इथे फारसं कुणी घेत नाही, रिक्षावाल्याला ‘एचए’ म्हटलं की पुरतं. कुंपणापलीकडच्या तापलेल्या मातीवर थेंब पडतात आणि तो वास उठतो. तुम्ही डोळे मिटून छातीभर श्वास घेता.

डोळे उघडता तेव्हा पाऊस नाही, मेट्रो नाही. तुम्ही पिंपरीतही नाही. फेब्रुवारीची कोरडी संध्याकाळ आहे, समोर लांबलचक कमानींचा व्हरांडा आहे आणि फाटकावर पहारा. सन 1944, महाशिवरात्र, येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस. आतल्या खोलीत कस्तुरबा अखेरचे श्वास मोजताहेत. कैदेतच. हृदय थकलेलं, त्यात न्यूमोनिया. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर यांची धावपळ चालली आहे.

आणि एक कुपी आलेली आहे. कलकत्त्याहून विमानानं मागवलेलं पेनिसिलीन. धाकटे चिरंजीव देवदास ते आईला देऊन बघावं म्हणून कळवळून सांगताहेत. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजी नको म्हणतात. कस्तुरबांचा देह आता आणखी शिणवायचा नाही. साडेसात वाजून जातात आणि खोलीतून रामधून तेवढी ऐकू येत राहते.

या नकारावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. त्या घटकेला औषधानं काही साधलं असतं का, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि मरणाऱ्या पत्नीच्या उशाशी बसलेल्या माणसाचा निवाडा करायला मी धजणार नाही. तुम्ही कुपीकडे बघा. महायुद्ध चालू आहे, जगातलं बहुतेक पेनिसिलीन सैन्याच्या इस्पितळांत जातं आहे. देशभर ओळख असलेल्या घरासाठी ते विमानानं येऊ शकलं. त्याच रात्री पुण्याच्या पेठेत, मुळशीच्या खोऱ्यात, खेडच्या वाडीवर न्यूमोनियानं घरघरणाऱ्या पोरासाठी कुणाकडे शब्द टाकायचा, हे त्याच्या आईला ठाऊक नाही. अशा औषधाचं नावसुद्धा तिच्या कानावर आलेलं नाही.

तुम्ही फाटकातून बाहेर पडता आणि चालू लागता. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडता ओलांडता अकरा वर्षं मागे पडतात.

सन 1955. पवनेच्या काठी पिंपरी वाघेरे गाव, स्टेशनाजवळ फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प, बाकी माळ आणि ज्वारीची रानं. आकुर्डीत बजाज नाही, टेल्को नाही, एमआयडीसी स्थापन व्हायलाच अजून सात वर्षं आहेत. या माळावर उंच पांढऱ्या भिंती, वाफेचे नळ आणि नव्या रंगाचा वास घेऊन एक कारखाना उभा राहिला आहे. 30 मार्च 1954 ला कंपनीची नोंदणी झाली. यंत्रसामग्री युनिसेफची, तंत्राचं मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेचं, मालकी भारत सरकारची. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांचा ध्यास यामागे आहे. औषध बाहेरून विकत आणत बसायचं नाही, इथे करायचं आणि ते लोकांच्या मालकीच्या कारखान्यात करायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं.

रात्रपाळीचा भोंगा होतो. कुणी तुम्हाला अडवत नाही, तुम्ही माणसांच्या घोळक्याबरोबर आत जाता. शेजारच्या गावातला एक तरुण सायकल लावतो, जेवणाचा डबा कोनाड्यात ठेवतो, हात कोपरापर्यंत धुतो. गेल्या वर्षापर्यंत त्याचे हात नांगराच्या रुमण्यावर होते. आता त्याच्यापुढे दुमजली उंचीच्या पोलादी टाक्या आहेत. तो त्यांना फर्मेंटर म्हणतो आणि बोलतो असं, की गोठ्यातल्या जनावरांबद्दल बोलावं.

“हात लावून बघा,” तो म्हणतो. “गार लागते ना? आतली बुरशी वाढताना ऊब सोडते. हिला फार ऊब सोसत नाही, म्हणून बाहेरून थंड पाणी खेळवायचं. चोवीस-पंचवीस डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही.”

“आणि गेलं तर?”

“तर बुरशी जगेल, पण औषध देणार नाही. लई मानी आहे ती.”

टाकीत मक्याच्या भिजवणीचा अर्क आहे, दुधातली साखर आहे. खालून निर्जंतुक केलेली हवा बुडबुड्यांनी वर येते, मधला पंखा अखंड फिरतो. 1943 साली अमेरिकेत पिओरिया गावच्या बाजारातल्या एका खरबुजावर सापडलेल्या बुरशीनं जगभरचं पेनिसिलीन वाढवलं. पाच-सहा दिवसांनी हा पातळ लगदा गाळायचा, थंड करून आंबट करायचा, द्रावकात ओढून घ्यायचा. गाळणीच्या दालनात पिकल्या फळासारखा गोडूस वास दाटलेला असतो. शेवटी उरते कुप्यांच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढी पांढरी पूड.

तरुण नमुना काढायला नळाशी जातो. आधी वाफ सोडतो, मग नळ उघडतो, मग पुन्हा वाफ. तुम्हाला ही सगळी सोवळ्याओवळ्याची तऱ्हा वाटते, आणि ती तशीच आहे. बाहेरचा एक चुकार जिवाणू आत शिरला तर तो वाढतो, पेनिसिलीन फोडणारं द्रव्य सोडतो आणि हजारो लिटरची बॅच गटारात ओतावी लागते. पंखा थांबला, हवा थांबली तरी तेच. म्हणून हा तरुण रात्रभर काट्यांवर डोळे ठेवून बसतो. त्याच्या आजीला देवीच्या साथीत गावाबाहेर झोपडी घालून राहावं लागलं होतं, एवढं तो बोलता बोलता सांगतो आणि पुन्हा काट्याकडे वळतो. शास्त्राच्या इतिहासात या पाळीवाल्यांची नावं येत नाहीत. पण कुपीचं अंतर विमानाच्या प्रवासावरून सायकलच्या रपेटीवर आलं ते यांच्या जागरणानं, हे मला मनापासून सांगायचं आहे.

पहाटे बाहेर येता तेव्हा आणखी काही वर्षं उलटलेली असतात. आता तुम्ही संशोधन विभागात आहात. इथे पोलाद नाही, काच आहे. शेकडो बश्या, परीक्षानळ्या, कापसाची बुचं. विभागाची धुरा डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे आहे, मूळचे बुरशीचे अभ्यासक. औषध बनवणाऱ्या कारखान्याला नवी औषधं शोधणारी प्रयोगशाळा हवी असं ठरवणं त्या काळात सोपं नव्हतं. उसनं तंत्र नीट चाललं की बहुतेकांचं समाधान होतं. इथे ते झालं नाही.

एक सहायक तुमच्या हातात कागदाची पुडी देतो. आत माती आहे, पिंपरीचीच. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात घालायची, त्या पाण्याचा थेंब दुसऱ्या नळीत, तिथला तिसऱ्या नळीत. असं दहादहा पट पातळ करत नेलेलं पाणी अगरच्या बशीवर पसरायचं आणि उबेत ठेवून वाट बघायची. आठवड्यानं बशीवर खडूच्या भुकटीसारखे, राखाडी-पांढरे, कातडी ठिपके उगवतात. सुईनं खरवडायला गेलात तर चिवट लागतात.

“वास घ्या,” सहायक म्हणतो.

तुम्ही झाकण किलकिलं करता आणि दचकता. पहिल्या पावसाचा वास! बंद खोलीत, काचेच्या बशीत. ज्या वासानं तुम्हाला इथवर ओढून आणलं तो मातीचा नव्हेच, मातीतल्या या सूक्ष्म जिवांचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस त्यांचं नाव. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन यांच्याच कुळानं दिलं. आपण ज्या वासावर जीव टाकतो, त्याच वासाचे धनी माणसाचे जीव वाचवत आले, हे मला कितीही वेळा आठवलं तरी नव्यानं हलवून जातं.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या बशीवर कॅन्डिडा ही बुरशी पसरलेली आहे. तान्ह्या मुलाच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर धरते, बायकांना अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास देते, ती. पेनिसिलीनच्या कारखान्यात बुरशीवरचं औषध कशाला, असं तुमच्या मनात येतं. कारण आहे. प्रतिजैविकं भरपूर वापरली की शरीरातले जिवाणू मरतात आणि त्यांच्या धाकात असलेल्या बुरशीला रान मोकळं मिळतं. पहिल्या औषधानंच दुसऱ्या औषधाची निकड निर्माण केली आणि ती निकड या लोकांना वेळीच दिसली.

बशीच्या मधोमध पिंपरीच्या मातीतल्या एका ठिपक्याचा अर्क ठेवलेला. दोन दिवसांनी झाकण उघडतं. सगळीकडे बुरशीची दुधी साय, आणि मध्यभागी लख्ख गोल. एकही ठिपका नाही, काच दिसावी इतकं स्वच्छ. कुणी ओरडत नाही. सहायक पट्टी आणतो, गोलाचा व्यास मोजतो, वहीत लिहितो. मग तीच चाचणी पुन्हा लावतो. आणि पुन्हा.

1961 साली हे औषध कंपनीच्याच ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये जगापुढे मांडलं गेलं. हॅमायसीन: हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून. ते देणाऱ्या जिवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून निस्टॅटिन आलं होतं, तसं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन यादीत पिंपरी जाऊन बसली. पिवळी पूड, पाण्यात विरघळायला नाखूश. पुढे याच प्रयोगशाळेनं पिकांच्या बुरशीवर ऑरिओफंगिन दिलं. पिंपरी-चिंचवडच्या किती शाळांत हे मुलांना सांगतात? सांगायला हवं. गाड्या आणि सुटे भाग यांच्याआधी या मातीनं औषध दिलं.

त्याच 1961 सालात मी तुम्हाला क्षणभर समुद्रापार नेतो. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा देश आहे, नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली चिंचोळी पट्टी. आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. अजून ब्रिटिशांच्या ताब्यात. 1947 पासून तिथे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र आहे. केनेबा या गावात इयन मॅकग्रेगर नावाचा डॉक्टर 1950 पासून दरवर्षी येतो, घरोघर जातो, माणसं मोजतो, रक्ताचे थेंब काचेवर घेतो. गावात जन्मलेल्या पोरांपैकी जवळपास निम्मी पाच वर्षांची होत नाहीत. मलेरिया. जी जगून मोठी होतात त्यांना तो पुढे तितकासा लोळवत नाही. का? मॅकग्रेगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढली आणि आजारी पोरांना टोचली. पोरांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं उतरले. मलेरियाशी रक्त लढायला शिकतं, हे एका खेड्यानं जगाला दाखवून दिलं.

पिंपरीनं माती दिली, केनेबानं रक्त. दोघांची एकमेकांना वार्ता नाही. फरक एवढा, की गांबियात शोध झाला तरी कुपी मात्र बाहेरूनच यायची. कारखाना नव्हता.

परत फिरताना तुम्ही एचएच्या टाक्यांपाशी घुटमळता. वर्षं भराभर जातात. 1990 नंतर चीनचं स्वस्त पेनिसिलीन देशात येऊ लागतं, इथल्या टाक्या थंडावतात, आणि ज्या देशानं या माळावर स्वतःचं पेनिसिलीन केलं तो पेनिसिलीन-जीसाठी कित्येक वर्षं परक्या दारात उभा राहतो. डिसेंबर 2016 मध्ये केंद्र सरकार कंपनीची देणी भागवायला तिची जादा जमीन विकायचं ठरवतं. तीच जमीन, पुड्यांत बांधून बश्यांवर पसरली होती ती. मला याचं दुःख होतं, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

पण अजून एक थांबा राहिला आहे. सन 2018, पावसाळा. तुम्ही गांबियातल्या एका आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बाकावर बसला आहात. आया रंगीत कापडानं पोरं पाठीशी बांधून रांगेत आहेत. जेमतेम सहा आठवड्यांची तान्ही. एकूण 2250 बाळांवर ही चाचणी होणार आहे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सुई. न्यूमोनिया देणाऱ्या न्यूमोकोकसवरची नवी, स्वस्त लस. आधीपासून असलेल्या लशीच्या तोडीची ठरते का, ते बघायचं आहे. ती तशी ठरेल आणि डिसेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवेल, हे तुम्हाला माहीत आहे. त्या आईला नाही.

परिचारिका शीतपेटी उघडते. कुपी इतकी छोटी की चिमटीत मावते. ती लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची आहे. आगाखान पॅलेसमधून हडपसरला जायला तासभरही लागत नाही.

सुई टोचली जाते. बाळ एकदा श्वास आत ओढतं आणि मग टाहो फोडतं. आई त्याला छातीशी धरून डुलवते, परिचारिका वेळ लिहून घेते, पुढचं नाव पुकारते. बाहेर तांबड्या अंगणात पावसाचे टपोरे थेंब पडू लागतात आणि ओसरीवर तो ओळखीचा वास येतो.