उचलणारा जॅक आणि पेलणारा ठोकळा

मालवाहू ट्रकचे चाक रस्त्याच्या कडेलाच बदलण्याची रीत भारतात मोटारवाहतुकीबरोबर आली असली, तरी त्या कामातले मुख्य हत्यार, म्हणजे जॅक, मोटारीहून कितीतरी जुने आहे. १३व्या शतकातील फ्रान्समधल्या विलार द ओनकूर याच्या चित्रवहीत आट्यांच्या दांड्याने अवजड वस्तू उचलण्याचे साधन रेखाटलेले आढळते, आणि आटे पाडलेला उभा दांडा फिरवून भार वर नेणारा स्क्रू जॅक हा त्याच कुळातला. या जॅकचा मोठा गुण त्याच्या दोषातूनच आला आहे. आट्यांमधल्या घर्षणामुळे त्यावर केलेल्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक वाया जातात. पण आट्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की तेच घर्षण भाराला दांडा उलटा फिरवू देत नाही, आणि माणूस हात काढून बाजूला झाला तरी उचललेले ओझे आहे तिथेच राहते. उचलणे आणि उचललेले धरून ठेवणे ही दोन निराळी कामे या एका साधनात एकत्र नांदत होती, त्यामुळे ती निराळी आहेत याची आठवण ठेवण्याची गरज फारशी कुणाला पडली नाही.

ही जोडी फुटली ती हायड्रॉलिक जॅकमुळे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो हे पास्कलचे तत्त्व १६६३मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५मध्ये घेतले. तत्त्व सोपे होते, अडचण गळतीची होती. दट्ट्या घट्ट बसवला तर तो हलत नसे आणि सैल ठेवला तर पाणी निसटत असे. यावरचा तोडगा, म्हणजे दाब वाढेल तशी आपोआप अधिक आवळत जाणारी चामड्याची वाटी, ब्रामाच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले याच्या नावावर सांगितला जातो. पुढे १८५१मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हातात नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट घेतले. आज ट्रकमध्ये असणारा बॉटल जॅक, म्हणजे बाटलीच्या आकाराचा उभा तेलाचा जॅक, याच घराण्यातला आहे.

त्याचे गणित पाहण्यासारखे आहे. पंपाचा दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि वर चढणारा दट्ट्या ४ सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळांच्या प्रमाणात बळ १६ पट होते. दांड्याच्या तरफेमुळे ते आणखी १५ पट झाले, तर दांड्यावर दिलेला २० किलोचा जोर, घर्षण सोडून दिल्यास, ४,८०० किलो उचलतो. पण हे सारे ओझे पेलते कोण? एक वर्तुळाकार रबरी वायसर, झडपेतली बारीकशी गोळी आणि जॅक उतरवण्यासाठी सैल करायचा एक स्क्रू. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा वायसर झिजला, तर ट्रक आवाज न करता खाली येऊ लागतो. स्क्रू जॅकमध्ये घर्षण ज्याची राखण करी, त्याची राखण येथे रबराकडे गेली.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेले ट्रक खासगी वाहतुकीत आले, आणि १९५४पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. वाहतूक वाढली तशी स्टेपनी, पाना, तो फिरवायची टामी आणि जॅक यांचा संच ड्रायव्हर-क्लीनरच्या जोडीचा नित्याचा सोबती झाला. क्लीनर हा नावाने गाडी पुसणारा असला, तरी जॅकखाली फळी सरकवणे आणि चाकांना दगड लावणे हीच त्याची खरी उमेदवारी होती, आणि ही विद्या पुस्तकातून नव्हे तर ड्रायव्हरच्या शिव्यांतून शिकली जाई.

या विद्येतील प्रत्येक सवयीमागे यंत्रशास्त्राचे पक्के कारण आहे. बोरघाटातला १८३०चा रस्ता असो वा कसाऱ्याचा चढ, चाक बदलताना उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावण्याचा आग्रह धरला जातो, आणि गाडी गिअरमध्ये आहे या समाधानावर जाणता ड्रायव्हर थांबत नाही. मागच्या दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेचक्रांचा संच, म्हणजे डिफरन्शियल, याचे ते कारण. एका बाजूची चाके जमिनीवरून उचलली की ती उलट फिरू शकतात आणि दुसऱ्या बाजूची टेकलेली चाके सुलट. इंजिन जागचे हलत नाही, तरीही गाडी घरंगळते. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर बसवलेला जुन्या पद्धतीचा हँडब्रेकही याच कारणाने निरुपयोगी ठरतो. नट आधी चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक चढवायचा, हा क्रमही असाच: टामीवर उभे राहून दिलेला हिसका जॅकवर तोललेल्या गाडीला आडवा ढकलतो, आणि बॉटल जॅक आडव्या धक्क्यासाठी बनलेलाच नाही.

जॅकखालच्या फळीचा हिशेबही असाच आहे. सुमारे १५० चौरस सेंटिमीटर बुडाच्या जॅकवर ५ टन आले, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला ३३ किलो भार पडतो, म्हणजे टायरखाली असतो त्याच्या चौपटीहून अधिक. पावसाळ्यात मुरमाच्या साइडपट्टीत किंवा मराठवाड्या-विदर्भाच्या काळ्या मातीत असा जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच जमिनीत शिरतो, आणि तोही सरळ नव्हे, तिरपा. फूटभर चौरस जाड फळी तोच भार साडेपाच किलोवर आणते. तरीही जॅक उचलतो, धरून ठेवण्याचा भरवसा देत नाही; ते काम करणारी, एक्सलखाली ठेवायची लोखंडी घोडी गॅरेजमध्ये असते, रस्त्यावर नसते. तिची जागा लाकडी ठोकळा घेतो, आणि निदान काढलेले चाक तरी चॅसिसखाली आडवे सरकवले जाते.

दुसरा धोका जॅकचा नव्हे, रिमचा होता. ट्यूब आणि फ्लॅप घातलेला नायलॉन टायर ज्या रिमवर बसे, तिची एक कड सुटी असून ती लॉक रिंगने अडकवलेली असे. गंजलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणून चाक उतरवण्यापूर्वीच हवा सोडणे आणि भरताना चाकाला साखळी गुंडाळणे ही खबरदारी आली. अमेरिकेत १९८०मध्ये अशा चाकांसाठी पिंजऱ्याची सक्ती करणारा नियमच झाला. महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानांत, ज्यांतली अनेक केरळातून आलेल्या कारागिरांनी चालवली, साखळीवरच बरेचसे निभावले.

ट्यूबलेस रेडियल टायर एकसंध रिमवर बसतो, त्यामुळे रिंगेची भीती ओसरत चालली आहे. जॅकवरचा भार मात्र वाढला. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, म्हणजे कायद्यात बसणाऱ्या ट्रकचीही एक बाजू उचलताना आता पावणेसहा टनांपर्यंत ओझे जॅकवर येते. मर्यादेबाहेर भरलेल्या ट्रकचा आकडा तर काट्यावर गेल्याशिवाय कुणालाच कळत नाही.