एका संहितेची सत्तेचाळीस वर्षे

मोठी कामे एकेका असामान्य पुरुषाच्या नावावर जमा करण्याची आपल्याकडे रीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला असे एक नाव पुरत नाही. आम्हांला तिचे कुतूहल वाटते ते याच कारणाने.

कल्पना मुळात युरोपातली. विंटरनिट्झ यांनी ती १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली, ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये छापील नमुना तयार केला, आणि पहिल्या महायुद्धाने सारेच बासनात गेले. पुण्यात १९१९ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झाले, तेव्हा संस्था दोन वर्षांचीही नव्हती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये देऊ केले होते. पण काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या, निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे धाडस पैशाच्या हिशेबात मावणारे नव्हते.

उत्गीकरांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ मध्ये नमुन्यादाखल छापून विद्वानांकडे टीकेसाठी धाडण्यात आले. तेच पर्व पुढे रघुवीर यांनी नव्याने संपादिले. छापलेले बाजूला ठेवून पुन्हा आरंभ करणे मानी मंडळींना किती जड जाते, हे ज्यांनी संस्था जवळून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला गेले होते, ते त्याच ल्यूडर्स यांच्याकडे. पाठभेद नोंदविण्याची रीत अगदी साधी होती. आडव्या-उभ्या रेघांनी आखलेल्या कागदावर, एका चौकोनात एक अक्षर अशा बेताने श्लोक लिहायचा. प्रत्येक पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली मांडायचा. हे काम पुण्याबरोबर शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही चाले. सगळ्या पर्वांसाठी मिळून १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. ती वाचणाऱ्या शास्त्री-पंडितांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. प्रस्तावना वाचण्याचा कंटाळा नसेल त्यालाच ती भेटतात.

खरी कसोटी पुढेच होती. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा जुन्या, परस्परांपासून स्वतंत्र परंपरांत आढळेना. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. सभापर्वात एजर्टन यांनी द्रौपदीचा कृष्णाला केलेला धावा मूळ संहितेतून वगळला. कीर्तनांतून हा प्रसंग ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते वाचताना आजही चुकल्यासारखे होते. पण वगळलेले काहीही नाहीसे केलेले नाही. ते तळटीपांत अथवा परिशिष्टांत, कोणत्या पोथीत आहे त्या नोंदीसह उभे आहे. संपादकाचा निर्णय खोडून काढायचा तर लागणारा पुरावा त्याने स्वतःच वाचकाच्या हाती दिला आहे! अशी एकच संहिता कधी काळी अस्तित्वात होती का, हा आक्षेप आम्हांलाही बराचसा पटतो. तो घेणाऱ्यालाही याच तळटीपांकडे यावे लागते.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यावर नेपाळातील एक फार जुनी पोथी हाती आली. तिने सुखठणकरांच्या अनेक निवडींना दुजोरा दिला.

१९४३ च्या जानेवारीत सुखठणकर वारले, तेव्हा अठरांपैकी बहुतेक पर्वे व्हायची होती. बेलवलकरांनी सूत्रे घेतली, १९६१ पासून प. ल. वैद्यांनी. कागद तसेच आखले जात राहिले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत संहिता पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. गणपतीची कथा तेव्हाही परिशिष्टातच होती.