परभणीचा शेतकरी आणि सावकाराचा परवाना

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागची मूळ देवघेव तपासण्यास सांगितले. पण सुरुवातीस पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांत. परभणी तर निजामाच्या राज्यात! सावकारास परवाना सक्तीचा करणारा हैदराबादचा कायदा आला १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० मध्ये. तब्बल ६० वर्षांनी. परवाना हीच खरी मेख. तो जाण्याच्या धाकाने सावकाराची वही तपासनिसापुढे उघडते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने जिल्हा निबंधकास याहून मोठा अधिकार दिला : अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत देवविण्याचा. मात्र व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा.